मोडलेला संसार आणि कार्यकर्त्याचे कर्तव्य

पक्षाच्या तालुका कचेरीत येणारी गाऱ्हाणी बहुधा ठरलेली असतात. कोणाची सातबाऱ्यावरील नोंद अडलेली असते, कोणाला रोजगार हमीची मजुरी मिळालेली नसते, कोणाचे रेशनकार्ड रद्द झालेले असते. अशा वेळी आपली बाजू कोणती, हे कार्यकर्त्याला कोणी सांगावे लागत नाही. तो अर्ज लिहितो, तहसीलदाराची गाठ घेतो, प्रसंगी धरणे धरतो. पण कडेवर मूल घेऊन माहेरी परतलेली बाई आपल्या वृद्ध वडिलांबरोबर त्याच कचेरीची पायरी चढते, तेव्हा याच कार्यकर्त्याची भाषा एकाएकी बदलते. “दोन्हीकडची चार माणसे बसवू”, “लेकराकडे पाहून सोसून घ्या, ताई”, “नांदायचे की सोडायचे ते एकदा ठरवा”, असे तो बोलू लागतो. सावकाराशी मिटते घे असे कुळाला कधीही न सांगणारा माणूस येथे मात्र मिटते घेण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो.

समेटाला आमचा विरोध नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा हे दोन्ही न्यायाधीशांवर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकतात. परंतु न्यायालयातील समेटाला समुपदेशक असतो, कागद असतो, आणि तो फसला तर न्यायाचा दरवाजा उघडा असतो. चावडीवरच्या समेटाला यांतले काहीच नसते. तेथे असतो फक्त चार प्रतिष्ठितांचा दबाव, आणि तो नेहमी दुबळ्या बाजूवर पडतो.

या दबावाची कायद्यातही किंमत मोजावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या एका वैवाहिक दाव्याचा अंतिम निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. दावा पतीचा होता. पत्नीची वर्तणूक क्रूरतेची होती हे न्यायालयाला मान्य झाले. तरीही न्यायिक विभक्ततेची मागणी नाकारण्यात आली. त्यानंतर दोघे पतिपत्नी म्हणून एकत्र राहिले, म्हणजे झाल्या गोष्टीला पतीने क्षमा केली, असे न्यायालयाने मानले. हाच नियम पत्नीलाही लागू होतो. क्षमा केलेली क्रूरता पुन्हा घडली तर जुनी तक्रार जिवंत होते हे खरे. पण त्यासाठी जुनी तक्रार आणि परतताना ठरलेल्या अटी सिद्ध करता आल्या पाहिजेत. तेव्हा एखादी बाई स्वेच्छेने परत जाणारच असेल, तर कोणत्या प्रसंगांमुळे ती आली होती आणि कोणत्या वचनावर ती जात आहे, हे तारखेसह लिहून दोघांच्या व साक्षीदारांच्या सह्या घेणे हे मध्यस्थाचे किमान काम आहे.

मात्र आमचा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. “नांदायचे की सोडायचे” हा आपल्या कचेरीत विचारला जाणारा पहिला प्रश्नच चुकीचा आहे. त्या बाईपुढे त्या दिवशी चार प्रश्न असतात: उद्या खायचे काय, राहायचे कोठे, मूल कोणाकडे राहणार आणि अंगावरचे दागिने व सामान परत कसे मिळणार. या चारही प्रश्नांवर कायदा घटस्फोटाशिवाय दाद देतो. घटस्फोटाचा निर्णय तिने सावकाश, पोटाची चिंता थोडी कमी झाल्यावर घ्यावा. उपाशी माणसाची संमती ही संमती नसते, हे समाजवादी कार्यकर्त्याला शिकवण्याची गरज नाही.

प्रथम पोटगी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे प्रसिद्ध १२५ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम झाले आहे. आकडा बदलला, हक्क तोच आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, अज्ञान मुले आणि वृद्ध आईबाप यांना त्याखाली दाद मागता येते. पत्नी या शब्दात घटस्फोटितेचाही समावेश होतो. अर्ज ती राहते तेथील न्यायालयात करता येतो. नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. महिना ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ साली रद्द झाली. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. व्यवहारात विलंब होतो. म्हणूनच मूळ अर्जाबरोबरच अंतरिम अर्ज दाखल झाला की नाही हे पहिल्याच दिवशी पाहावे. हुकूम होऊनही रक्कम थकली, तर वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. ही मुदत हजारो बायका केवळ माहिती नसल्याने गमावतात.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी स्पष्ट केल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावे. नवरा शपथेवर “मी बेकार आहे” असे सांगतो, तेव्हा खरे काम सुरू होते आणि तेथे कार्यकर्ता वकिलापेक्षा अधिक उपयोगी पडतो. त्याचा सातबारा किती एकरांचा, ऊस कोणत्या कारखान्याला जातो, दूध कोणाच्या नावावर घातले जाते, ट्रॅक्टर कोणाच्या नावे आहे, ही माहिती गावात फिरणाऱ्या माणसालाच असते. लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद यांबरोबर या मिळकतीचे उतारे जोडले तर निकालाचा आकडा बदलतो.

नवऱ्याकडून अशा वेळी “नांदायला ये” अशी वकिलाची नोटीस येते. तिला घाबरू नये, पण ती अनुत्तरितही ठेवू नये. या नोटिशीला मोठा इतिहास आहे. रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असे फर्मावले, तेव्हा त्या बाणेदार स्त्रीने तुरुंगाची तयारी दाखविली. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची ती तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात अजून शिल्लक आहे. मात्र असा हुकूमनामा झाला आणि पत्नी योग्य कारणास्तव परत गेली नाही, तर तेवढ्यावरून तिची पोटगी बुडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला आहे. न परतण्याचे कारण मात्र नोटिशीच्या उत्तरात लेखी नमूद झालेले असावे.

दुसरा प्रश्न निवाऱ्याचा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. घर कोणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदली तेथे राहण्याचा हक्क तो कायदा तिला देतो. घर सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क सांगता येतो, हे २०२० च्या निकालाने स्पष्ट केले. संरक्षण, निवारा, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा या साऱ्यांसाठी एकच अर्ज करता येतो, आणि तो तयार करून देणे हे शासनाने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचे काम आहे. स्त्रीधनावर केवळ तिचीच मालकी असते, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निर्णय आहे. दागिन्यांची व सामानाची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवावी. छळाची फौजदारी फिर्याद हा वेगळा मार्ग आहे. खरी असेल तर ती अवश्य द्यावी. पण राग म्हणून साऱ्या घरादाराची नावे त्यात घातली, की खऱ्या तक्रारीचेही वजन जाते.

तिसरा प्रश्न मुलांचा, आणि सर्वांत नाजूक. येथे दोन्ही बाजूंची माणसे मालमत्तेची भाषा बोलतात. “वंशाचा दिवा आम्ही देणार नाही” असे एक म्हणतो, “बाळाचे तोंडही दिसू देणार नाही” असे दुसरा म्हणतो. कायदा या दोघांनाही सांगतो की मूल ही कोणाचीच इस्टेट नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा असो, अंतिम कसोटी मुलाच्या हिताची आहे. १९५६ च्या कायद्याने बापाला पहिला नैसर्गिक पालक मानले, ही त्यातील विषमता १९९९ च्या निकालाने पुष्कळशी बोथट केली. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे तोच कायदा म्हणतो. त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत त्याची शाळा, त्याची सवय, त्याची काळजी आजवर कोणी घेतली आणि समज आली असल्यास त्याची इच्छा, हे सारे पाहिले जाते. आईची कमाई थोडी आहे एवढ्यावरून तिचा ताबा जात नाही. मुलाचा खर्च देणे हे बापाचे कर्तव्यच आहे आणि कमी कमाईवरचा उपाय पोटगी हा आहे.

म्हणून काही पथ्ये कसोशीने पाळावीत. मुलाला शाळेतून परस्पर उचलून नेऊ नये. ताब्याचा अर्ज मूल सामान्यतः राहते तेथील न्यायालयात चालतो, आणि पळवापळवी करणाऱ्याविषयी न्यायाधीशाचे मत कलुषित होते. भेटीचा हुकूम असेल तर तो मोडू नये. पोटगी थकली म्हणून भेट बंद करणे आणि भेट मिळत नाही म्हणून पोटगी थकविणे, दोन्ही चूक. दोहोंसाठी न्यायालयात स्वतंत्र उपाय आहेत. मुलाला साक्षीसाठी पढवू नये. ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो, हेही हरलेल्या बाजूला समजावून सांगावे. हे सर्व आईइतकेच बापालाही लागू आहे. मुलाचे दूध, आजारपण, अभ्यास मनापासून करणारा बाप ताबा मागत असेल, तर त्याचीही बाजू ऐकली पाहिजे.

यानंतर घटस्फोट. गावात आजही मुद्रांकाच्या कागदावर सोडचिठ्ठी लिहिली जाते, पंचांसमोर काडीमोड होते, आणि दोन्ही घरे मोकळी झाली असे समजतात. रूढीने चालत आलेला घटस्फोट कायद्याने राखून ठेवला आहे. परंतु ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. ते न जमल्यास पहिले लग्न कायम ठरते आणि दुसरे अवैध होते. जातपंचायतीने बहिष्काराची धमकी दिली, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हाताशी आहे. परस्परसंमतीच्या घटस्फोटाला एक वर्षाचा विभक्त वास लागतो. पुढील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ होऊ शकते, असे २०१७ पासून ठरले आहे. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे बाईला स्पष्ट सांगावे. संमतीच्या अटींत रक्कम, तारीख, मुलांच्या भेटीचे दिवस, सुट्या, शाळेचा खर्च हे सारे नेमके लिहावे. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलांचा पोटगीचा हक्क तिला सोडता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा नागरी कायदा आहे. तेथील साथींनी स्थानिक वकिलाचाच सल्ला घ्यावा.

मुस्लिम भगिनींच्या प्रश्नाकडे “त्यांच्या धर्माचा मामला” म्हणून पाठ फिरविणे आपल्याला शोभत नाही. हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तो वारसा आपला आहे. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ च्या निकालाने निरर्थक ठरला व २०१९ च्या कायद्याने गुन्हा झाला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण कायद्याने पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. स्वतः घटस्फोट मागण्याचा तिचा हक्क तर १९३९ पासून कायद्याच्या पुस्तकात आहे.

पैशाअभावी यांतले काही अडू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्याची समिती असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. घटस्फोट, पोटगी व अशाच दाव्यांसाठी स्त्रियांना न्यायालयीन शुल्क महाराष्ट्र शासनाने १९९४ सालीच माफ केले आहे.

१९८० च्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या परिषदा भरल्या, तेव्हा टाकलेल्या बाईचा प्रश्न प्रथमच सार्वजनिक झाला. त्या चळवळीने मागितलेले पुष्कळसे आज कायद्यात आले आहे. राहिले आहे ते कायद्यापासून कचेरीच्या पायरीपर्यंतचे अंतर. प्रत्येक शाखेने वही घालावी, विश्वासू वकिलाचे व संरक्षण अधिकाऱ्याचे नाव भिंतीवर लावावे, आणि तारखेच्या दिवशी त्या बाईबरोबर एक कार्यकर्ता, शक्यतो कार्यकर्ती, न्यायालयात पाठवावी. कित्येक दावे कायद्याने हरत नाहीत, तारखांना एकटीने जाऊन जाऊन थकल्याने सुटतात.

आणि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कधी कधी जिच्याविषयी आपण बोलत असतो तिचा नवरा आपलाच साथी असतो. त्या वेळी कचेरीतली खुर्ची कोणाच्या बाजूला सरकते, यावरून आपल्या समतेची परीक्षा होईल. सभासदत्वाच्या पावतीने पोटगी माफ होत नाही.