गाडीतला रेडिओ का खरखरतो?

आमच्या शेजारच्या एका टेम्पोवाल्या भावाने गाडीतला रेडिओ काढून नवा सेट बसवला. दोन दिवसांची कमाई त्यात गेली आणि खरखर होती तशीच राहिली. दोष रेडिओत नव्हताच! लायटरच्या भोकात खुपसलेला स्वस्तातला मोबाईल चार्जर उपसला आणि आवाज स्वच्छ झाला. हा भुर्दंड आणखी कुणाला पडू नये म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्याकडे एफएम केंद्रे 88 ते 108 मेगाहर्ट्झमध्ये लागतात. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगरापलीकडे फारशा उतरत नाहीत. म्हणून मुंबईहून पुण्याला जाताना घाट लागला की मुंबईचे केंद्र तुटू लागते. शहरात उंच इमारतींवर आपटून त्याच लहरी दोन वाटांनी एरियलवर येतात आणि एकमेकींना मारतात. सिग्नलला उभ्या गाडीत आवाज जातो, गाडी हातभर पुढे सरकली की परत येतो, त्याचे कारण हेच. तिथे सेटला थापडा मारून काही उपयोग नाही.

मध्यम लहरींचे उलटे. त्या जमीन धरून लांबवर पोचतात, पण ठिणगीची खरखर फार लवकर पकडतात. विजेच्या मोठ्या तारांखाली हे हमखास ऐकू येते. विजेवर चालणाऱ्या गाडीची यंत्रणा तर स्वतःच एवढा गोंगाट करते की काही कंपन्यांनी अशा गाड्यांत मध्यम लहरी देणेच सोडले.

आता दोष घरचा की बाहेरचा, हे कसे ओळखावे? गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद ठेवून नुसता रेडिओ लावा. खरखर थांबली तर दोष आपल्याच गाडीत. इंजिन सुरू करून रेस दिल्यावर शिट्टीसारखा सूर चढत गेला तर अल्टरनेटरकडे पाहा. टक् टक् आवाज वेगाबरोबर वाढला तर प्लग आणि त्याच्या वायरी तपासून घ्या. रेझिस्टरवाल्या प्लगच्या जागी साधा प्लग बसवला की हा त्रास होऊ शकतो. मात्र चालू इंजिनात प्लगच्या वायरीला हात लावू नका, झटका जबर बसतो. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतोच, तेव्हा तिथे कुणी 'प्लग बदला' म्हणाला तर दुसरा मेकॅनिक गाठा.

इंजिन बंद असतानाही खरखर राहिली तर चार्जर, कॅमेरा, जादा लावलेले एलईडी दिवे एकेक बंद करून पाहा. मग सेटच्या मागून एरियलची पिन काढा. तरीही तोच आवाज आला तर तो करंटच्या किंवा अर्थच्या वायरीतून शिरतो आहे. पिन काढताच आवाज थांबला तर एरियल बघा. पावसाळ्यानंतर एरियलच्या बुडाशी गंज चढतो आणि अर्थ तुटतो. बूड खोलून पॉलिश पेपरने घासायला पैसे लागत नाहीत.