खोडलेला खड्डा

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. मुद्दा मात्र आपल्या सगळ्यांच्या जर्नलचा आहे.

मागच्या सेमला कथलाच्या कूलिंग कर्व्हचं प्रॅक्टिकल होतं. कथील गोठतं २३२ अंश सेल्सिअसला. आमचं रीडिंग २२९ पर्यंत उतरलं आणि परत २३२ वर चढलं! सिनियरच्या जर्नलमध्ये सरळ आडवी रेघ होती. मग काय, आम्हीही तो खड्डा रबराने खोडला. सही मिळाली, विषय संपला.

नंतर जेट इंजिनच्या टर्बाइन ब्लेडबद्दल वाचलं आणि लाज वाटली. आधुनिक इंजिनात या ब्लेडवर येणारा वायू ब्लेडच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. निकेलच्या सुपरअलॉयमध्ये आडव्या ग्रेन बाउंड्री राहिल्या, तर ब्लेड तिथूनच दगा देतं. म्हणून साचा पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या प्लेटवर उभा करतात आणि भट्टीतून मिनिटाला जेमतेम काही मिलिमीटर खाली ओढतात. उष्णता खालच्याच दिशेने गेली, की ग्रेन उभे वाढतात. मध्ये नागमोडी वाट ठेवली, की त्यातला एकच वर पोचतो. हेच सिंगल क्रिस्टल.

साचा घाईने ओढला, तर उष्णता बाजूने निसटते आणि ग्रेन तिरके होतात. फार रेंगाळला, तर फ्रेकल नावाचे डाग पडतात. आणि ब्लेडच्या रुंद भागाचे कोपरे आधी थंड झाले तर? तिथला रस गोठणबिंदूखाली उतरूनही द्रवच राहतो, मग अचानक तिथे भलताच ग्रेन उगवतो. ब्लेड भंगारात. म्हणजे आम्ही खोडलेला तोच खड्डा!

'बाहेरचे आपल्याला टेक्नॉलॉजी देत नाहीत,' असं आपण मेसमध्ये तावातावाने बोलतो. पण अलॉयमध्ये कोणता धातू किती, हे बऱ्याचदा छापील मिळतं. कुठला आकार किती वेगाने थंड करायचा, ते स्वतःच मोजून शोधावं लागतं. हैदराबादच्या डीएमआरएलने २०२१ मध्ये हेलिकॉप्टर इंजिनासाठी अशी ६० ब्लेड्स एचएएलला दिली. ती काय कॉपी केलेल्या रीडिंगवर झाली असतील?

सर-मॅडमना विनंती: जर्नलमध्ये खड्डा दिसला तर लाल शेरा मारू नका, 'का आला?' एवढंच विचारा. आणि मित्रांनो, रबर बाजूला ठेवूया. मी माझं पान परत लिहिलंय, खड्ड्यासकट.