प्रवेशाचे पेढे वाटले, पदवीचं काय?

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर मुलामुलींचे फोटो फिरतात. कॉलेजात प्रवेश होतो. पण तीन वर्षांनी त्यातल्या किती जणांच्या हातात पदवी आली, हे कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. कोरोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ही संख्या १९.२१ लाखांवर आली. लोकसंख्येत आपण १४.२ टक्के आणि त्या वर्षी कॉलेजात होतो जेमतेम ४.६ टक्के! त्यातच संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली.

गळतीची कारणं आपल्या घरातलीच आहेत. मालेगाव-भिवंडीत लूमचं काम मंदावलं की मुलगा कॉलेज सोडून गॅरेजवर किंवा डिलिव्हरीला जातो. मुलीचा दुसऱ्या वर्षात निकाह होतो, मग बाळंतपण, मग हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसता येत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात आणि फी मात्र आधी भरावी लागते. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, अडचणीच्या वेळी कोणी हात दिला नाही म्हणून शिक्षण सुटतं.

खरं तर यातल्या बऱ्याच अडचणींवर नियमांत वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्येच सर्व विद्यापीठांना कळवलं आहे की, पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींना बाळंतपणाची रजा, हजेरीत सूट आणि परीक्षा अर्जाला मुदतवाढ मिळावी असे नियम करा. पीएचडी करणाऱ्या महिलांना २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद त्याआधीपासून आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मधेच शिक्षण थांबलं तरी मिळवलेले क्रेडिट जमा राहतात. तीन वर्षांच्या आत परत येऊन जास्तीत जास्त सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. शिवाय कोणतंही कॉलेज मूळ कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाही.

मग अडतं कुठे? कागद विद्यापीठात पोहोचतो, विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. आमचं म्हणणं साधं आहे. प्रवेशाच्या दिवशीच हे हक्क मराठी आणि उर्दूत लिहून द्या. सलग काही दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी नोटीस पाठवण्याआधी फोन करा. शिष्यवृत्ती येईपर्यंत फी हप्त्याने घ्या, परीक्षेचा अर्ज अडवू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा व शिका'ची परंपरा याच महाराष्ट्राची आहे. तिच्यात जागा आणि मानधन दोन्ही वाढवा.

विद्यापीठाकडे बोट दाखवताना तीन बोटं आपल्याकडेही आहेत. निकाह ठरवतानाच मुलीची पदवी पूर्ण होईल हे दोन्ही घरांनी कबूल करायला काय हरकत आहे? जकातीतून परीक्षेची फी भरता येत असेल, तर आपल्या मौलानांना विचारून गरजू विद्यार्थ्यांची यादी जमातीने करावी. जुम्म्याच्या बयानात शिष्यवृत्तीच्या तारखा सांगितल्या तर अनेक अर्ज वेळेत भरले जातील. ज्यांना रोज कॉलेज जमतच नाही, त्यांच्यासाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच.

आणि कॉलेज सोडलेलं मूल आपल्या घरात असेल, तर आजच एक काम करा. त्याच्यासोबत कॉलेजच्या ऑफिसात जा आणि विचारा, "परत यायचं असेल तर काय करावं लागेल?" उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. पेढे प्रवेशाचे वाटलेत, आता पदवीचे वाटायचे आहेत.