फिट आलेल्या माणसाची साखर गाडीतच का मोजत नाहीत?

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७२, मधुमेह जुना. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि उपवास मात्र कडक धरला. पाणी आणि बिनसाखरेचा चहा, बस्स. दुपारी तीनच्या सुमारास घामाने चिंब झाले, असंबद्ध बोलायला लागले आणि थोड्याच वेळात फिट आली. शेजारच्यांनी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाला लावली. खासगी रुग्णवाहिका बोलावली, ती लवकर आलीही. त्याबद्दल तक्रार नाही.

गाडीतल्या मुलाने ऑक्सिजन लावला, बीपी बघितलं, नाडी बघितली. "मिरगी आहे का आधीपासून?" एवढंच विचारलं. मधुमेह आहे हे मी दोनदा सांगितलं. चाळीस मिनिटांचा रस्ता. हॉस्पिटलमध्ये सिस्टरने आल्या आल्या बोटाला सुई टोचली. साखर ३१! शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत अण्णा डोळे उघडून विचारतात, "पाऊस थांबला का?"

(आमच्या कपाटात ग्लुकोमीटर होता. मलाही सुचलं नाही. लिहायला लाज वाटते. पण मी घाबरलेली सून होते, गाडीतला माणूस याच कामाचे पैसे घेत होता.)

फिटची कारणं ढीगभर आहेत. अपस्मार, ताप, मेंदूतली गाठ, सोडियम कमी होणं, अचानक दारू सोडणं. यातलं गाडीतच मोजता येईल आणि तिथल्या तिथे सुधारता येईल असं साखरेसारखं दुसरं काही मला दिसत नाही. यंत्राला काही सेकंद लागतात, पट्टी वीस-पंचवीस रुपयांची. साखर फार वेळ खाली राहिली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून ती चाळीस मिनिटं मला अजून टोचतात.

ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले, "आधी झटके थांबवायचे असतात." मान्य. पण झटके थांबवायच्या इंजेक्शनने साखर वाढत नाही. उलट पेशंट गुंगीत जातो आणि सगळ्यांना वाटतं, औषधानेच झोपलाय.

राज्यात २०१४ पासून १०८ च्या गाड्या आहेत, त्यात डॉक्टर असतो. खासगी गाडीत बरेचदा ड्रायव्हर आणि एक मदतनीस. मदतनिसाला ग्लुकोज देता येणार नाही, ठीक. पण आकडा कळला असता तर वाटेतल्या आरोग्य केंद्रावर गाडी थांबवता आली असती. आम्ही त्याच्या दारावरून गेलो!

म्हणून मागणी साधी आहे. रुग्णवाहिका सरकारी असो वा खासगी, फिट आलेल्या किंवा बेशुद्ध पेशंटची साखर मोजायची आणि आकडा वेळेसकट कागदावर लिहायचा. गाडीच्या परवान्यालाच ही अट जोडा. आमच्या कागदावर नाडी आहे, बीपी आहे, किलोमीटर आणि भाडंही आहे. साखरेचा रकानाच नाही.

अण्णांना दोन दिवस ठेवून घेतलं, कारण या गोळीचा असर लांबतो, रात्री साखर पुन्हा उतरली होती. आता बरे आहेत. तुमच्या घरी अशी वेळ आली तर झटके चालू असताना तोंडात साखर-पाणी घालू नका, श्वासात जाईल. कुशीवर वळवा, आणि गाडी आली की पहिलं वाक्य हेच बोला: "आधी साखर बघा."