पहिली नोकरी आणि 'तयार' माणसाची अपेक्षा

पदवीनंतरच्या पहिल्या नोकरीत रुळायला नव्या माणसाला वेळ लागतो आणि त्याचे खापर सहसा त्याच्याच माथी फोडले जाते. आजच्या मुलांना शिस्त नाही, कष्ट सोसत नाहीत, कॉलेजात कामाचे काही शिकवलेले नसते, अशी ही तक्रार हिंजवडीच्या आयटी कंपन्यांपासून चाकणच्या कारखान्यांपर्यंत ऐकू येते. उपायही ठरलेला असतो: अभ्यासक्रम बदला आणि कंपनीला 'तयार' माणूस द्या.

या तक्रारीत थोडे तथ्य आहे. मित्राच्या जर्नलवरून जर्नल उतरवून सबमिशन आटोपणारा विद्यार्थी कामाच्या जागी अडखळणारच. पण वर्गात पहिला येणाराही सुरुवातीचे काही महिने तितकाच गोंधळलेला दिसतो. आळस हे त्याच्या गोंधळाचे कारण असू शकत नाही.

कारण कामाच्या घडणीत आहे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका 'कोणतेही पाच प्रश्न सोडवा' अशी सवलत देते, बहुतेक ठिकाणी ४० टक्क्यांना उत्तीर्ण करते, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला आधीच ठाऊक असते. कचेरीत नवा माणूस जागेवर बसतो तेव्हा एक एक्सेलची फाइल येते, सोबत 'हे जरा बघून घे' एवढीच सूचना. काय बघायचे, किती खोलात, कधीपर्यंत आणि अडले तर कोणाला विचारायचे, यातले काही सांगितलेले नसते. बिलातल्या दहा ओळींपैकी चार बरोबर असून भागत नाही. सत्र संपले की लागणारा निकाल इथे नसतो. केलेले काम चांगले झाले की वाईट, हे पुष्कळदा वर्षाअखेरच्या अप्रेझलपर्यंत कळतच नाही. आजवरचे सगळे सोबती समवयस्क होते, आता शेजारच्या टेबलावर वडिलांच्या वयाचे गृहस्थ असतात. त्यांना 'सर' म्हणावे की नावाने हाक मारावी, हा साधा प्रश्नही नव्या माणसाला आठवडाभर छळतो. मराठी माध्यमातून आलेल्याला त्यात इंग्रजी ईमेलची धास्ती.

अभ्यासक्रम व्यवसायाभिमुख केला म्हणजे हा धक्का टळेल, ही समजूतही टिकत नाही. परिचर्येचे शिक्षण थेट त्याच कामासाठीचे. तरीही परिचर्येच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांना १९७४ साली अमेरिकेतील नव्या परिचारिकांवर 'रिअ‍ॅलिटी शॉक' हे पुस्तक लिहावे लागले. शिकताना मनावर ठसलेली कामाची रीत आणि रुग्णालयातली प्रत्यक्ष रीत यांतले अंतर सहन न होऊन त्या व्यवसायच सोडत होत्या. संस्थांतल्या नवागतांच्या अभ्यासक मेरिल लुई यांनी १९८० साली याच प्रश्नाची पुढची बाजू मांडली. नव्या जागी जे अनपेक्षित घडते ते आधी माहिती देऊन पूर्ण टाळता येत नाही. ते घडल्यावर त्याचा अर्थ लावायला त्या जागेतला जुना माणूस लागतो. असा माणूस कॉलेज कुठून देणार? तो कचेरीतच असतो, म्हणून जबाबदारीही तिचीच.

ज्या व्यवसायांनी हे ओळखले, त्यांनी शिक्षण आणि नोकरी यांच्यामध्ये एक काळ मुद्दाम राखला. एमबीबीएसनंतर वर्षभराची इंटर्नशिप असते. सनदी लेखापालाची आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, आता दोन वर्षांची आहे. आयएएस अधिकारी मसुरीच्या अकादमीनंतर सुमारे वर्षभर जिल्ह्यात शिकतो. शिकाऊ उमेदवारीचा १९६१चा कायदा आधी कारागिरांसाठी होता. १९७३च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर अभियंते आले आणि २०१४च्या दुरुस्तीने इतर शाखांचे पदवीधर. पदवी मिळाली तरी शिकणे उरते, हे संसदेनेही मान्य केले आहे.

खासगी कचेरीत असा काळ कागदावर असतोच. त्याला प्रोबेशन म्हणतात, पण त्याचा वापर शिकवण्यापेक्षा पाळत ठेवण्यासाठी जास्त होतो. 'विहिरीत ढकलले की पोहता येते' असे त्याचे समर्थन करणारे हे विसरतात की गावाकडे पोराच्या कमरेला सुकलेला भोपळा बांधलेला असे आणि पोहता येणारा कोणीतरी आधीच पाण्यात उतरलेला असे. चाकण-भोसरीच्या चांगल्या कारखान्यांत ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनीला पहिल्या वर्षी स्टोअर्स, उत्पादन, क्वालिटी अशा विभागांतून फिरवतात. माल कुठून येतो आणि कुठे अडतो हे त्याला डोळ्यांनी दिसते. टेबलावरच्या कामालाही हीच पद्धत लागू पडते: लहान पण पूर्ण काम द्यावे, अडल्यास विचारायला एक नेमका वरिष्ठ असावा आणि काम झाल्यावर त्याच आठवड्यात काय चुकले ते सांगावे.

'शिकवले की मुले सोडून जातात' हा आक्षेप नेहमीचा. न शिकवलेलीही जातातच, आणि जाताना कचेरीच्या पदरात काही टाकत नाहीत. शिवाय अनुभवी उमेदवार मागणारी प्रत्येक कंपनी दुसऱ्या कोणीतरी शिकवलेला माणूसच घेत असते.

छोट्या कचेरीला हे झेपत नाही, असेही म्हणतात. पण कायद्याने ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले असले, तरी ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेलाही ते स्वेच्छेने घेता येतात आणि पदवीधर उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकार उचलते. उरतो तो वरिष्ठाचा वेळ. नव्या माणसाच्या चुका महिनाअखेरीस निस्तरण्यात तो तसाही जातो. तोच वेळ त्याच्या शेजारी बसून आधी द्यायचा आहे.