असमानतेविषयी चार शब्द

बीजगणिताच्या प्रारंभी विद्यार्थ्यांस समीकरणांची जी गोडी लागते, ती असमानतेचा पाठ येताच ओसरते, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. समीकरण एक उत्तर देऊन मोकळे होते; घरी वडिलांनी ‘उत्तर काय आले?’ असे विचारल्यास ‘चार’ म्हणून सांगता येते. परंतु क्ष + ३ > ७ ह्याचे उत्तर काय म्हणून सांगावे? चारांहून मोठी प्रत्येक संख्या हे उत्तर होय, ४.१ हीदेखील त्यांत मोडते. मुलास हे उत्तरच वाटत नाही. आमच्या मते दोष मुलाचा नसून शिकविण्याच्या रीतीचा आहे, आणि त्या दोषाचे वाटेकरी आम्हीही आहोत.

बेरीज-वजाबाकीपुरते हे प्रकरण सोपे आहे. तराजूचे एक पारडे जड असता दोहोंकडे सारखेच वजन घातले वा काढले, तरी जड ते जडच राहते. दोहोंकडील वजन दुप्पट वा निम्मे केले तरीही तेच.

अडते ते ऋण संख्येपाशी. ‘ऋण संख्येने गुणिले वा भागिले असता चिन्ह फिरवावे’ हा नियम आम्ही कित्येक वर्षे पाढ्याप्रमाणे म्हणवून घेतला. परिणाम असा झाला की, काही विद्यार्थी कोठेही ऋणचिन्ह दिसताच असमानता फिरवू लागले. क्ष − ५ > २ येथेसुद्धा! तराजू येथे उपयोगी पडत नाही, म्हणून संख्यारेषा काढावी. २ आणि ५ हे बिंदू शून्याच्या उजवीकडे. त्यांत ५ पुढे. दोहोंस −१ ने गुणा. दोन्ही शून्याच्या पलीकडे जातात, आणि जो जितका दूर होता तो तितकाच दूर राहतो. साहजिकच −५ हा −२ च्याही डावीकडे, म्हणजे लहान. क्रम उलटला तो नियमाच्या आज्ञेने नव्हे. आता −३क्ष > १२ घ्या. चिन्ह न फिरविणारा क्ष > −४ असे लिहितो. त्याने आपल्याच उत्तरातील शून्य घालून पाहावे: ० > १२! खरे उत्तर क्ष < −४; −५ घातल्यास १५ येतात, ते १२ हून मोठे आहेत. असा पडताळा घेणारा नियम विसरला तरी फारसे बिघडत नाही.

राहिला आलेख. सीमेवरील संख्या उत्तरात नसेल तर पोकळ टिंब, असेल तर भरीव, पुढे बाण. < आणि > ही चिन्हे टॉमस हॅरिअट ह्या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, छापली गेली. ‘किंवा समान’ हे दर्शविण्याकरिता पिएर बूगेर ह्या फ्रेंच पंडिताने १७३४ साली त्यांच्याखाली समचिन्हाची जोड दिली. ज्या जोडीस शतकाहून अधिक काळ लागला, तिची आज उरलेली रेघ आमची मुले एका क्षणात गाळतात!

ह्या रेघेचे मोल आम्हांस फार उशिरा कळले. आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो. वार्षिक परीक्षेनंतर शाळेच्या फलकावर आम्हीच लिहिले: ‘३५ हून अधिक गुण मिळविणारे वरच्या वर्गात.’ लिहावयाचे होते ‘३५ वा अधिक’. एका मुलास तोंडी परीक्षेत १६ मिळाले होते. क्ष + १६ ≥ ३५, म्हणजे लेखी परीक्षेत १९ पुरे होते, आणि त्यास नेमके १९ च मिळाले होते. फलक वाचून तो रडत घरी गेला. चूक ध्यानात येऊन आम्ही त्याचे घर शोधीत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगा दुपारपासून जेवला नव्हता, आणि वडील त्यास दुसऱ्या दिवसापासून कामावर धाडण्याचे बोलत होते.

‘एवढ्याशा टिंबासाठी अर्धा गुण का कापला?’ असे पालक आम्हांस दरवर्षी विचारतात. त्यांस आम्ही ही हकीकत सांगतो. गुण मात्र परत देत नाही.