सायकलीचं लेखाशीर्ष

यंदा जाहिरातींसाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. रखडलेल्या स्थानिक निवडणुका जानेवारी 2026 अखेरपर्यंत उरका, असं सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आणि जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या वरणगावात गल्लोगल्ली भावी नगरसेवक उगवले. प्रत्येकाला हात जोडलेल्या फोटोसकट दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या आहेत, त्याही रंगीत पानावर. आम्ही त्या छापल्या आहेत. कागदाचे भाव पाहता नाही म्हणण्याची आमची ऐपत नाही. पण अंकाचं हे पान विकलेलं नाही, म्हणून या सगळ्या भाऊ, ताई, आबा, नानांना इथेच एक प्रश्न विचारतो: निवडून आलात, तर नगरपरिषदेच्या पहिल्या अर्थसंकल्पात सायकलीसाठी एखादी ओळ मांडाल का?

हा प्रश्न चारचौघांत काढला की आधी हशा पिकतो. मग कुणीतरी गंभीर होऊन म्हणतं, ‘अहो, आधी पाणी, मग गटारी, मग रस्ते. सायकल काय घेऊन बसलात?’ आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर पुढे देतो.

आधी हे बघू की आपल्याकडे सायकलवर बसतं कोण. पहाटे फुलगाव-तळवेलकडून दुधाचे कॅन लावून येणारे. शाळेचं दप्तर कॅरिअरला अडकवून जाणाऱ्या पोरी. आठवडे बाजारात पोतं मागे आणि पिशव्या पुढे बांधून निघालेला भाजीवाला. ऑर्डनन्स फॅक्टरी 1964 साली इथे उभी राहिली, तेव्हापासून कित्येक वर्षं पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच दिसत. पुढे तिथल्या कायम नोकरीवाल्यांकडे मोटारसायकल आणि मग चारचाकी आली. सायकल उरली ती कमी पगाराच्या माणसाकडे. 2011 च्या जनगणनेत कामावर कसं जाता हे विचारलं गेलं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत देशभर सुमारे 13 टक्के लोक सायकलनं जात होते. आठातला एक माणूस म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. पण तो सभेला येत नाही, निवेदन देत नाही आणि फ्लेक्स तर कधीच लावत नाही.

गंमत म्हणजे पूर्वी हाच माणूस पालिकेच्या हिशेबात होता. महाराष्ट्रातल्या अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत. वर्षाचा कर भरायचा, मिळालेला बिल्ला सायकलला अडकवायचा. बिल्ला नसला की पालिकेचा माणूस अडवायचा. दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस. ग्रामपंचायतींच्या 1958 च्या कायद्यातही सायकलीवरच्या कराची तरतूद आहे, म्हणजे खेड्यातली सायकलही सुटलेली नव्हती. जमेच्या बाजूला सायकल इतकी वर्षं होती. खर्चाच्या बाजूला तिचं नाव लिहिण्याची वेळ आली, की ते मात्र कुणाला सुचत नाही.

मोठ्या शहरांत सुचलं, नाही असं नाही. पुणे तर एकेकाळी सायकलींचंच शहर. तिथल्या महापालिकेच्या मुख्य सभेनं डिसेंबर 2017 मध्ये एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला, त्यात 824 किलोमीटरच्या मार्गांचं जाळं होतं. त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्यानं घ्यायच्या पिवळ्या-नारिंगी सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत गेल्याही. त्याआधी केंद्राच्या पैशातून बीआरटी रस्त्यांच्या कडेनं केलेले सायकल मार्ग आजही आहेत म्हणे. त्यावर गाड्या लागतात, पाणीपुरीच्या गाड्या उभ्या राहतात, मध्येच विजेचा डीपी येतो आणि चौक आला की मार्ग संपतो. नेमकी जिथे सायकलवाल्याला जिवाची भीती, तिथेच तो त्याला सोडून देतो. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत ठरली. तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत करायला पैसा निघाला, मुदतीत निघाला. शर्यतीला आमचा विरोध नाही, व्हावी. पण परदेशी खेळाडू पाच दिवस जाणार असेल तर खड्डा बुजतो आणि आपला माणूस रोज जातो तर बुजत नाही, याची नोंद कुणीतरी करून ठेवायला हवी.

मुंबईची तऱ्हा आणखी वेगळी. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएनं 2011 च्या सुमारास सायकल मार्ग बांधला. तो जात होता कार्यालयांच्या दारावरून. स्टेशनाला धड जोडलेला नव्हता, म्हणून फारसं कुणी फिरकलं नाही. 2025 मध्ये तो उखडून मोटारींना जागा द्यायचं ठरलं. बांधायला कोट्यवधी आणि उखडायलाही कोट्यवधी. पवई तलावाच्या काठानं पालिकेनं सायकल आणि जॉगिंगचा मार्ग काढायला घेतला होता; मुंबई उच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये तो बेकायदा ठरवला आणि तलावात केलेलं काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. पाणथळीवर भराव टाकून पर्यावरणाची सेवा करण्याची ही कल्पना होती. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. हे मार्ग ज्यांच्यासाठी आखले ते रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघतात. सोमवारी सकाळी डबा घेऊन निघणाऱ्याला तो मार्ग कुठे जातो, हे कुणी विचारलंच नाही.

मग आपल्याला बघण्यासारखं उदाहरण कुठलं? आम्हाला वाटतं, जळगावचं. तिथे कुणी सायकल ट्रॅक हा शब्दही काढला नव्हता. सुरतहून नागपूरकडे जाणारा महामार्ग भर शहरातून जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना वस्त्या, शाळा, महाविद्यालयं. आणि ट्रकच्या चाकाखाली जाणारे बहुतेक दुचाकीवरचे नाहीतर पायी. लोकांनी मागितले ते समांतर रस्ते. कृती समिती झाली, उपोषणं झाली, रास्ता रोको झाले. प्रश्न पैशापाशी अडला, आणि खरं तर पैशापेक्षाही ‘कुणाचा पैसा’ इथे. महामार्ग केंद्राचा, कडेची जागा महापालिकेच्या अखत्यारीतली, त्या जागेत अतिक्रमणं, जलवाहिन्या आणि विजेचे खांब. ते हलवायचे कुणी? महापालिकेच्या डोक्यावर तेव्हा हुडकोचं कर्ज. अखेर केंद्राकडून निधी आला, महामार्ग रुंद झाला, प्रभात चौकात, दादावाडीजवळ भुयारी मार्ग झाले. समांतर रस्ते मात्र तुकड्यातुकड्यांतच राहिले, आणि सावकाश जाणाऱ्या माणसाची वाट म्हणजे तेच तुकडे.

नेदरलँडचे सायकल मार्ग पाहून आलेले लोक हरखून सांगतात. ते मार्गसुद्धा हौसेतून झाले नाहीत. 1971 साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तिथून पुढचं सगळं घडलं. म्हणजे ॲमस्टरडॅमची सुरुवात आणि जळगावची सुरुवात यांत फारसा फरक नव्हता. फरक पडला तो मागणी पुढे अर्थसंकल्पात शिरली का, यानं.

आता पाण्याचा आक्षेप. नगरपरिषदेकडे पैशाची एक पेटी नसते, पुष्कळ पेट्या असतात. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली आणि तेव्हापासून छोट्या शहरांचा संसार बराचसा सरकारी अनुदानावर चालतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. नगरोत्थान वेगळं, दलित वस्तीचा निधी वेगळा, वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान वेगळं, आमदारांचा निधी वेगळा. पाण्याला बांधलेला पैसा सायकलीला देताच येत नाही, मग तो पळवण्याचा प्रश्न कुठे येतो? उलट रस्त्यांचा पैसा दरवर्षी रस्त्यांवरच खर्च होतोय. काँक्रिटीकरण होतं, पेव्हर ब्लॉक बसतात, ते उखडून पुन्हा बसतात, चौकाचं सुशोभीकरण होतं. आमचं म्हणणं एवढंच की, यातला कुठलाही रस्ता नव्यानं होईल तेव्हा कडेला दोन सायकली शेजारून जातील एवढी पट्टी राखावी, तिला रंगाची रेघ मारावी आणि त्या रेघेचा, तिच्या दुरुस्तीचा खर्च अर्थसंकल्पात सायकल या नावानं दिसावा. वेगळं लेखाशीर्ष असलं की दरवर्षी कुणीतरी विचारतं, यंदा यात किती ठेवले? नसलं की विचारायला जागाच उरत नाही.

यावर सभेत भांडण होईल, आणि ते व्हावं अशीच आमची इच्छा आहे. पट्टी आली की दुकानाच्या पायऱ्या, फलक, बाहेर मांडलेला माल आणि गिऱ्हाइकाची मोटारसायकल यांना मागे सरकावं लागेल. व्यापारी चिडतील, आणि त्यांचंही म्हणणं ऐकलं पाहिजे. बाजारपेठेत माल उतरवायला गाडी लागणारच. त्यासाठी वेळा ठरवता येतात. दीपनगरच्या वीज केंद्राची राख वाहणारी वाहनं शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गावालगतच्या रस्त्यांवर असावीत का, यावरही खडाजंगी होईल. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात सायकल चालवणार कोण, असं कुणी म्हणेल. ज्याला पर्याय नाही तो आजही चालवतोच. म्हणून पट्टीच्या कडेनं कडुनिंब लावा, ते शोभेच्या पामच्या झाडापेक्षा स्वस्त पडतात.

गेल्या काही वर्षांत असं भांडण होण्याची सोयच नव्हती. राज्यभर नगरपालिका-महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. एखादा प्रशासक चांगलाही असेल, झटपट कामं करत असेल. पण त्याला उलट विचारणारं समोर कुणी बसलेलं नसतं आणि इतिवृत्तात विरोधी मत नोंदलं जात नाही. ‘माझी वसुंधरा’सारख्या अभियानाच्या निमित्तानं सायकल फेरी निघते, टोप्या वाटल्या जातात, फोटो वर जातात. फेरी संपली की रस्ता होता तसा. सभागृहात एक जरी नगरसेवक उठून म्हणाला असता की फेरी पुरे, पट्टी दाखवा, तर गोष्ट थोडी वेगळ्या वाटेनं गेली असती.

नव्या सभागृहापुढे अर्थसंकल्प येईल तेव्हा हे करता येईल. त्यातही एक काम केवळ नगरपरिषदेच्या ठरावानंच पुढे सरकू शकतं, कारण नागरिकांची पत्रं महामार्ग प्राधिकरणापर्यंत पोचत नाहीत. आपल्या गावाजवळचा महामार्ग चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला, पण त्याच्या पलीकडच्या शेतात, वाडीत, शाळेत जाणाऱ्याला तो ओलांडायचाच आहे. जिथे पुलाखालून वाट आहे तिथे दिवे आणि पाण्याचा निचरा हवा. जिथे नाही तिथे लोक दुभाजकातून सायकल उचलून नेतात. हे महामार्ग प्राधिकरणाचं काम आहे, त्याचा खर्चही त्यांचाच. आपल्या सभेनं फक्त जागा ठरवून, नकाशा जोडून, ठराव क्रमांकासह मागणी पाठवायची आहे, आणि उत्तर आलं नाही तर पुढच्या महिन्याच्या सभेत तोच विषय पुन्हा पटलावर घ्यायचा आहे.